पूर्वेकडची खोली आणि अर्धी कुत्रेवाट

मी, लेम्युएल ऑर टिडमोर, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा शेती, राहणार टिडमोर वस्ती, लिटल पॉप्लर खोरे, अलाबामा, आज रोजी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही, पण कायद्याला गुडघ्याशी देणंघेणं नाही असं काउंटीच्या कचेरीतल्या बाईंनी मला सांगितलं आहे. मी कोणाच्या दडपणाखाली, भिडेखाली किंवा दारूच्या अंमलाखाली लिहीत नाही. दारूची खात्री आमचे पाद्री ब्रदर बीचम यांनी जवळ येऊन, वास घेऊन करून घेतली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. १९४४ साली पिठाच्या रिकाम्या पिशवीवर रागाच्या भरात जे लिहिलं होतं, ते मृत्युपत्र समजू नये.

हा कागद मी आमच्या घराच्या मधोमध, दोन खोल्यांमधल्या उघड्या बोळात, म्हणजे कुत्रेवाटेत, टेबल टाकून लिहितो आहे. समोरच्या बाकावर दोन साक्षीदार आहेत: आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर ओडेल बीचम आणि शेजारच्या मळ्यातल्या मिस झेल्फा गार्मन. मिस झेल्फा चष्मा घरी विसरल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक कलम लिहून झालं की मला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. गेल्या चाळीस वर्षांत त्या काही विसरल्याचं मला आठवत नाही. माझ्यापासून आठ फुटांवर, कुत्रेवाटेच्या पश्चिमेच्या अर्ध्यात, माझा धाकटा भाऊ अस्बरी आमच्याकडे पाठ करून बसला आहे आणि पिकान जातीचे अक्रोड फोडतो आहे. त्याचा या कागदाशी संबंध नाही. तो तिथे रोजच बसतो. आम्ही तेहतीस वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

कलम पहिले, माझा देह. मला पॉप्लर चर्चच्या आवारात माझी बायको ओना हिच्या डाव्या बाजूला पुरावं. पेटी तयार आहे. ती मी १९६२ साली पाइनच्या फळ्यांची केली आणि मक्याच्या कोठीत ठेवली आहे. सध्या तिच्यात बियाण्याचे बटाटे आहेत, ते आधी काढून घ्यावेत. ब्रदर बीचम यांनी वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. हे वाचून दाखवताच ते म्हणाले की वीस मिनिटांत त्यांचा घसासुद्धा मोकळा होत नाही. मग पंचवीस. दोन भावांची गोष्ट मात्र त्यांनी त्यात आणू नये.

ओनाची कबर १९५९ साली अस्बरीने खणली. आमच्याकडे कबर घरचीच माणसं खणतात, भाड्याचा माणूस लावत नाहीत. पण तो कोणाला न सांगता, फावडं घेऊन एकटाच गेला आणि लोक जमायच्या आत काम उरकून, बूट पुसून, मागच्या बाकावर येऊन बसला. कडा अशा सरळ होत्या की ब्रदर बीचमनी मला दोनदा बोलावून दाखवल्या. मी त्याला काही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, एवढं इथे लिहून ठेवतो.

(अक्रोड फोडणं थांबलं होतं. आता पुन्हा सुरू झालं आहे.)

कलम दुसरे, घराचं वर्णन. पूर्वेकडची खोली माझ्या पणजोबांनी १८३९ साली बांधली. त्याआधी ही जमीन चेरोकी लोकांची होती. त्यांना हाकलून देताना मृत्युपत्र करायला कोणी वेळ दिला नाही, आणि ही गोष्ट आमच्या घरात कधीच कोणी मोठ्याने बोललं नाही. खोली अठरा फूट लांब, सोळा फूट रुंद. भिंती पॉप्लरच्या तासलेल्या ओंडक्यांच्या, दर भिंतीला अकरा. कोपऱ्यातल्या खाचा कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या आणि बाहेरच्या बाजूला उतरत्या, म्हणजे पाणी आत न शिरता बाहेर ओघळतं. सबंध भिंतीत एक खिळा नाही. घर जमिनीवर नाही, दगडांच्या ढिगांवर उभं आहे, आणि घराखालच्या त्या मोकळ्या जागेत आजवर कुत्री, कोंबड्या आणि एकदा चार दिवस माझे चुलते अँडर्सन राहिले आहेत. ते का राहिले हे चुलतीला माहीत होतं.

पश्चिमेकडची खोली माझ्या आजोबांनी १८५८ साली, लग्न झाल्यावर बांधली. पणजी जिवंत होती. तिने सांगितलं की सून आणायची तर आण, पण ती माझ्या भिंतीला टेकता कामा नये. म्हणून आजोबांनी दोन खोल्यांच्या मध्ये अकरा फूट जागा सोडली. अकराच का, तर त्यांनी दोघींना समोरासमोर उभं करून मोजलं होतं: पुटपुटलेलं ऐकू येणार नाही आणि हाक मारलेली ऐकू येईल, असं ते अंतर होतं. दोन्ही खोल्यांवर त्यांनी एकच छप्पर घातलं. मधली जागा दोन्ही टोकांना उघडी. तीच कुत्रेवाट. कुत्री तिच्यातून ये-जा करतात म्हणून ते नाव, पण खरं तर तिच्यातून वारा ये-जा करतो आणि जुलै महिन्यात अख्खं घरदार तिथेच राहतं. मी तिथेच जन्मलो, कारण आत फार उकडत होतं.

छपराबद्दल एक गोष्ट नीट लिहितो, कारण पुढच्या कलमाला तिची गरज आहे. भिंतींच्या माथ्यावरच्या दोन लांब तुळया अखंड आहेत, सत्तेचाळीस फुटी. त्या माझ्या खोलीवरून निघतात, कुत्रेवाट ओलांडतात आणि अस्बरीच्या खोलीवर विसावतात. सगळे वासे त्यांच्यावर. एक बाजू काढली तर दुसरी उभी राहत नाही.

कलम तिसरे, हक्क. वडिलांनी १९२१ साली पूर्वेची खोली मला आणि पश्चिमेची अस्बरीला लिहून दिली. कुत्रेवाट लिहायची राहिली. त्यांना वाटलं असेल, मोकळी हवा ती काय लिहून द्यायची. १९३८ पासून मी निम्मी माझी धरतो. मध्ये कोळशाने रेष ओढलेली आहे. ती झाडून पुसट झाली की मी पुन्हा ओढतो. कुत्रेवाटेतली विहीर बरोबर रेषेवर येते, त्याला इलाज नाही. अंगणही तसंच वाटलेलं आहे. आमच्याकडे अंगणात गवताचं पातं ठेवत नाहीत, काटक्यांच्या झाडूने रोज स्वच्छ झाडतात. मी झाडतो घराकडून रस्त्याकडे. तो झाडतो रस्त्याकडून घराकडे, मला चिडवायला. मी बटाटे लावतो त्याच आठवड्यात तोही लावतो, तेही मला चिडवायलाच.

विहिरीचं पाणी सकाळी तो आधी काढतो. त्याचं झालं की तो दुसरी बादली भरून माझ्या बाजूच्या काठावर ठेवतो. तेहतीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. मी त्याच्या चुलीपुरती ढलपी फोडून रेषेपलीकडे सरकवतो. याला कोणी बोलणं समजू नये.

कलम चौथे, भांडणाचं कारण. वारसांना ते ठाऊक असावं म्हणून लिहितो, आणि अस्बरीची नात नेल्डा नेहमी विचारते म्हणूनही. नेल्डा हंट्सव्हिलला, जिथे चंद्रावर जाणारी रॉकेटं करतात तिथे, कचेरीत टंकलेखन करते. दर मे महिन्यात कबरींना फुलं वाहायच्या रविवारी ती येते आणि माझ्याकडे एक जेवण व अस्बरीकडे दुसरं जेवण जेवते, म्हणून तिला त्या रविवारी सैल कपडे घालावे लागतात.

१९३८ साली छप्पर बदलायला आलं होतं. हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून पांढऱ्या ओकची लाकडी कौलं फाडून, रचून, वाळवून ठेवली. ऑगस्टअखेर शेतात काम नव्हतं. आता लाकडी कौलं ठोकायची ती वद्य पक्षात, चंद्र उतरत असताना. मग ती चपटी बसतात आणि तीस वर्षं हलत नाहीत. शुद्ध पक्षात ठोकली तर चंद्राबरोबर तीही वर वळतात. हे माझ्या वडिलांना माहीत होतं, त्यांच्या वडिलांना माहीत होतं, आमच्या खोऱ्यात ते खेचरांनासुद्धा माहीत आहे. अस्बरी मात्र लढाईत फ्रान्सला जाऊन तिथली दगडी पाट्यांची छपरं पाहून आला होता, आणि तेव्हापासून त्याचा चंद्रावरचा विश्वास उडाला होता.

मी कुत्रेवाटेतल्या खिळ्यावरचं पंचांग पाहिलं. एकोणतीस, तीस, एकतीस ऑगस्ट: वद्य पक्ष. त्या तीन दिवसांत मी माझी बाजू ठोकली. अस्बरी तेव्हा पोटाच्या दुखण्याने दोन आठवडे आडवा होता, त्याची बाजू मागे पडली. "मला बरं वाटेल तेव्हा ठोकीन, चंद्राला विचारून नाही," असं तो म्हणाला, आणि बारा सप्टेंबरला त्याने ती ठोकली.

नोव्हेंबरच्या पावसात माझी बाजू गळायला लागली. प्रत्येक कौल कडेने वर वळलं होतं. ओनाने खोलीत चौदा भांडी मांडली, त्यांत तिच्या आईचं सूप वाढायचं भांडंही आलं. अस्बरीच्या बाजूचं एकही कौल हललं नव्हतं. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "लेम, चंद्राला सांग ना, खाली ये आणि बादली धर म्हणावं." सगळे हसले. ओनाही हसली. मी म्हणालो, "तू माझ्याशी पुन्हा बोलू नकोस." त्याने ऐकलं. आयुष्यात त्याने माझं ऐकलेली ही एकच गोष्ट.

त्यानंतर मी माझ्या बाजूवर पत्रा ठोकला. अस्बरीच्या बाजूला अजून ती लाकडी कौलं आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आमचं घर दोन वेगळ्या घरांची डोकी एकाच धडावर बसवल्यासारखं दिसतं. नेल्डाला मी एकदा म्हणालो होतो की तुमच्याकडची माणसं चंद्रावर जाऊन आली, त्यांना कौलांचं विचार. ती म्हणाली, "लेम आजोबा, साहेबांना विचारलं. आधी हसले, आणि मग म्हणाले, माझं छप्पर कधी घालू ते तुझ्या आजोबांना विचारून ये."

कलम पाचवे, जंगम वस्तू. धूरघरात धुरावायला टांगलेले डुकराचे सहा हॅम जे माझी कबर खणतील त्यांच्यात वाटावेत. खेचराचा साज चर्चला द्यावा. खेचर १९५३ सालीच वारलं, पण साज चांगला आहे. कौलं फाडायचं पातं आणि त्याचा लाकडी ठोकळा अस्बरीला द्यावा, कारण या खोऱ्यात ते धरायचं कसं हे माझ्यानंतर त्यालाच कळतं. माझ्या कपाटात काचेचं एक ताट आहे, अंडी ठेवायला बारा खळगे असलेलं. ते मिस झेल्फाचं आहे. १९३८ च्या ऑगस्टात चर्चच्या जेवणानंतर ते इथे कसं आलं मला ठाऊक नाही. ते परत करावं. मिस झेल्फा म्हणतात की त्या तेहतीस वर्षं ते शोधत आहेत आणि त्यापायी त्यांनी स्वतःच्या भावजयीशी संबंध तोडले होते.

कलम सहावे, माझी खोली. हे कलम ठरवायला मला तीन आठवडे लागले. राजधानीतल्या जुन्या घरांच्या संग्रहालयाचे मिस्टर लॅथम ऑगस्टमध्ये मोटारीतून आले. त्यांनी माझ्या खोलीच्या ओंडक्यांवरून असा हात फिरवला की मला लाजल्यासारखं झालं. अशी खाच सबंध राज्यात चार ठिकाणी उरली आहे, म्हणाले. माझ्यामागे खोली त्यांना दिली तर ते ओंडक्यांवर आकडे टाकून ती उतरवतील आणि तिथे जशीच्या तशी उभी करतील. मी विचारलं, पश्चिमेची खोली? ते म्हणाले, "ती नको. ती नवी आहे."

अस्बरीच्या खोलीला नवी म्हणणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला. मी त्यांना दोन वाट्या पीच खायला घातले आणि खडूने आकडे टाकायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिसऱ्या ओंडक्यावर नऊ होता, नवव्यावर पाच, आणि उंबऱ्यावर आकड्याऐवजी डुकराचं चित्र. अक्षर मी ओळखलं. लहानपणी त्याला आकडे मीच शिकवले आहेत.

मला मूल नाही. गुडघा गेला. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघतो. आणि खरं सांगायचं तर मला त्याला एकदा हरवायचं होतं, मेल्यावर का होईना. सबब, पूर्वेकडची खोली, तिच्या भिंती, धुराडं आणि तिच्यावरच्या दोन्ही तुळयांचा माझ्या मालकीचा भाग मी सदर संग्रहालयास देतो. तुळया कापल्यावर पश्चिमेच्या बाजूचं काय होईल याची जबाबदारी माझ्यावर राहणार नाही.

(हे मी वाचून दाखवलं. ब्रदर बीचम जमिनीकडे बघत राहिले. मिस झेल्फा म्हणाल्या, "लेम, तो अठ्ठ्याहत्तरचा आहे." मी म्हणालो, वय मला ठाऊक आहे. पश्चिमेकडून अक्रोडाचा आवाज येत नाही.)

कलम सातवे, एक पंचांग. माझ्या कपड्यांच्या ट्रंकेत, ओनाच्या लग्नातल्या गोधडीखाली, औषधाच्या दुकानात फुकट मिळणारं, कोपऱ्याला भोक असलेलं एक पंचांग आहे. १९३९ च्या जानेवारीत मी नवं टांगायला म्हणून खिळ्यावरून जुनं काढलं. त्याच्यावर साल होतं १९३७. म्हणजे मी छप्पर घातलं ते आदल्या वर्षीचं पंचांग पाहून. त्या वर्षी ऑगस्टअखेर वद्य पक्ष होता; ३८ साली त्याच दिवशी चंद्र चढत होता. मला शपथेवर आठवत होतं की ३८ सालचं मी टांगलं होतं, वाकलेला खिळाही सरळ केला होता. पण हातात ३७ होतं, तेव्हा चूक माझीच.

वाचणाऱ्याने माझी अडचण समजून घ्यावी. सांगावं, तर चंद्र खरा ठरत होता आणि मी गाढव. न सांगावं, तर मी कारागीर म्हणून वाईट ठरत होतो आणि चंद्र खोटा. मी चंद्राचा बळी दिला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्या तीन संध्याकाळी मी नुसती मान वर केली असती तरी चढता चंद्र दिसला असता. ढग होते असं मी मनाशी बरीच वर्षं म्हणत आलो. ढग नव्हते. मी छापलेलं वाचत होतो.

हे पंचांग मी माझा भाऊ अस्बरी यास देतो. ते त्याला माझ्या मरणानंतर द्यावं, म्हणजे त्याचा चेहरा मला बघावा लागणार नाही.

हे कलम मी मनात वाचलं. मिस झेल्फा म्हणाल्या, "लेम, चष्मा नाही माझ्याकडे." मी हळू आवाजात वाचायला लागलो. त्या म्हणाल्या, मोठ्याने, मला कमी ऐकू येतं. ते आजच सुरू झालं असावं. मी मोठ्याने वाचलं.

यापुढचं कलम नाही, नोंद आहे. जे घडतं आहे ते घडताना लिहून ठेवावं असं ब्रदर बीचम यांचं मत पडलं, आणि लेखणी माझ्याच हातात आहे.

अस्बरी उठला. रेषेपर्यंत आला आणि विहिरीच्या काठाला हात टेकून उभा राहिला. त्याच्या शर्टावर अक्रोडाची टरफलं होती.

"लेम," तो म्हणाला, "ते जुनं पंचांग मी टांगलं होतं."

मी लेखणी शाईत बुडवली आणि हे लिहून घेतलं. त्याच्याशी बोलायची सवय राहिलेली नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. त्या ऑगस्टात चर्चच्या जेवणातली उरलेली मसाला भरलेली अंडी त्याने ताटासकट घरी आणली, रात्रभर कुत्रेवाटेत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हातून आल्यावर सगळी एकट्याने खाल्ली. पुढचे तीन दिवस तो परसाकडच्या खोपटातून बाहेर आला नाही. तिथे पुसायला ठेवलेली मक्याची बुरकुंडं संपली. मालाच्या यादीचं जाड पुस्तक संपलं. शेवटी तो धावत येऊन खिळ्यावरचं ३८ सालचं पंचांग घेऊन गेला.

"सबंध लागलं, लेम. मुखपृष्ठासकट. खिळा रिकामा दिसला असता तर तू विचारलं असतंस, म्हणून कोठीतलं गेल्या सालचं आणून अडकवलं. म्हटलं, काय फरक पडतो. चंद्र तर तोच आहे."

मिस झेल्फा बाकावर ताठ झाल्या. ब्रदर बीचमनी रुमालात तोंड घातलं, ते प्रार्थना करत होते असं त्यांचं म्हणणं आहे.

"आणि तेहतीस वर्षं गप्प बसलास?" मी म्हणालो.

"तूच म्हणालास, बोलू नकोस."

तो पुढे म्हणाला की पायरीवर तो हसला तेव्हा त्याला पंचांगाची आठवणसुद्धा नव्हती. घरी येऊन वळलेली कौलं पाहिली, तेव्हा ते आठवलं. त्या वर्षापासून तो बटाटे वद्य पक्षातच लावतो. आपल्याला पंचांगातलं काही कळत नाही म्हणून माझ्या शेताकडे बघून लावतो. मला वाटत होतं तो मला चिडवतो.

"तुझं घर गळत होतं आणि ओना भांडी मांडत होती," तो म्हणाला. "ते माझ्यामुळे. मी तिची कबर खणली तेव्हा तिला सांगितलं सगळं. तुला सांगायचं राहिलं." मग तो वर, त्या लांब तुळयांकडे बघून म्हणाला, "तू तुझी खोली ने, लेम. ती तुझी आहे. पण ती गेली की मी बसू कुठे? या बाजूला तू नसशील, तर मी पाठ कोणाकडे करू?"

कागदावर इथे जो डाग आहे तो विहिरीच्या पाण्याचा समजावा. बादली त्यानेच पुढे केली होती.

कलम आठवे. वरील कलम सहा मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि साक्षीदारांसमोर रद्द करतो. मिस्टर लॅथम यांना हवी असल्यास मक्याची कोठी न्यावी, तिच्यावरचे आकडे अस्बरी टाकेल. पूर्वेकडची खोली मी माझा भाऊ अस्बरी यास त्याच्या हयातीपर्यंत, आणि त्याच्यामागे नेल्डास देतो. पश्चिमेची खोली तिला अस्बरीकडून मिळेलच, तेव्हा घर तिच्या हातात सबंध येईल आणि ते तिने सबंधच ठेवावं. कुत्रेवाटेला कोणीही, कसलंही, कितीही थंडी वाजली तरी दार लावू नये. कबरींच्या रविवारी तिने एकच जेवण जेवावं.

रेष मी पुसणार होतो, पण अस्बरी झाडू घेऊन पुसायलाही लागला. रस्त्याकडून घराकडे झाडतो आहे. ती सवय आता जायची नाही.

कलम सातमधलं पंचांग मी हयातीतच, आत्ता, त्याच्या हातात दिलं. त्याने एक पान बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाला, ३८ सालचा कागद याच्यापेक्षा मऊ होता.

छप्पर दोन्ही बाजूंचं एकदम, ओकच्या लाकडी कौलांचं, येत्या गुरुवारपासून घालायचं. पुरेशी कौलं माझ्या कोठारात रचलेली आहेत. ती मी दोन्ही बाजूंना पुरतील एवढी का फाडली होती हे मला कोणी विचारू नये. वर चर्चची माणसं चढतील. खालून शिव्या घालायला आम्ही दोघं आहोत. ते काम पुरं व्हायच्या आत मी मेलो, तर पेटीतले बटाटे काढायची घाई करू नये, आधी आढं झाकून घ्यावं.

वरील सर्व मजकूर माझा आहे. वाचून पाहिला, वाचून दाखवला, आणि फार जणांनी ऐकला.

लेम्युएल ऑर टिडमोर (सही)

सही आमच्या डोळ्यांसमोर झाली. लिहिणारा शुद्धीवर आहे, आज सकाळपेक्षा जास्त.

साक्षीदार पहिला: ओडेल बीचम, पाद्री. (पंचवीस मिनिटं मान्य. दोन भावांची गोष्ट मात्र मी सांगणारच.)

साक्षीदार दुसरी: झेल्फा गार्मन. (माझी अंडी ताजी होती. दुसऱ्या दिवशी उन्हातून येऊन खाणाऱ्याची जबाबदारी माझी नाही. चष्मा पर्समध्ये सापडला.)

अस्बरी टिडमोर यास या कागदाने लाभ होत असल्याने त्याला साक्षीदार होता येत नाही, हे त्याला तीनदा समजावून सांगितलं. तरी एक ओळ लिहू द्या असा त्याचा हट्ट आहे. ती ओळ अशी:

चंद्राचा काहीएक संबंध नाही. गुरुवारी सहाला तयार राहा, लेम. अ. टि.

ठिकाण: टिडमोर घर, कुत्रेवाट, मध्यभागी.
दिनांक: मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७१. वद्य पक्ष. साल पंचांगाच्या मुखपृष्ठावर दोघांनी वाचलं, आणि सकाळी उतरता चंद्र चर्चच्या बाजूला मी स्वतः मान वर करून पाहिला.